पांढऱ्या कापडाखालचा पेंढा

दिघीच्या धक्क्यावर माझं चहाचं दुकान आहे. तिथे बसून मी बाळाजीचं अर्धं आयुष्य डोळ्यांनी पाहिलं आणि राहिलेलं अर्धं गिऱ्हाइकांनी मला न विचारता सांगितलं. धक्क्यावरच्या चहावाल्याला कान बंद ठेवायची सोय नसते. तेव्हा मी सांगतो त्यात थोडा मीठमसाला माझ्या पदरचा असेल. पण मुख्य गोष्ट त्याच्याच तोंडची आहे आणि ती त्याने साऱ्या गावासमोर सांगितली आहे.

बाळाजीचं काम दोन वाक्यांत संपतं. समोरच्या आगरदांड्याहून लाँच आली की तिच्यावरून फेकलेला दोर झेलायचा आणि धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला गुंडाळायचा. लाँच निघाली की तो सोडायचा. उंच, जरा पोक काढून चालणारा, दोराने सोलवटलेल्या तळव्यांचा माणूस. बोलण्यात कंजूष. बायको लवकर गेली. घर थोरली बहीण आवडाबाई चालवायची, आणि बोलायची ती दोघांच्याही वाटणीचं. एकुलता एक मुलगा रघू मुंबईला गिरणीत होता.

बाळाजीचा खरा जीव मात्र टायरांत. हसू नका. कुणाचा जीव बैलात असतो, कुणाचा भजनात, ह्याचा धक्क्याच्या भिंतीवर टांगलेल्या लॉरीच्या जुन्या टायरांत होता.

नबाबाचं राज्य होतं तोवर खाडीत शिडाच्या होड्या चालत. होडी धक्क्याला लागताना मध्ये काथ्याचा जाड गोळा सोडला की काम भागायचं. राज्य विलीन झालं आणि मग काही वर्षांत मुरुडकडच्या एका मालकाने इंजिनाची लाँच आणली. ती अंगाने जड. तिला होडीसारखी हाताने रेटून थांबवता येईना. पहिल्याच हंगामात तिने धक्क्याचा एक कोपरा पाडला आणि स्वतःच्या फळ्या फोडून घेतल्या. काथ्याचे गोळे तिच्याखाली चिरडून जायचे, नाहीतर पाण्याने कुजायचे. मालक कपाळाला हात लावून बसला. तेव्हा बाळाजी तांदळाच्या लॉरीवर बसून माणगावला गेला आणि हमरस्त्याकडेच्या गॅरेजामागे फेकून दिलेले टायर घेऊन आला.

ते निवडायची त्याची रीत बघण्यासारखी होती. टायर जमिनीवर आडवा टाकायचा आणि छातीच्या उंचीवरून त्याच्यावर एक दगड सोडायचा. दगड उसळून गुडघ्यापर्यंत आला की टायर नापास.

"ह्यो ताठ हाय. खाल्लेला मार लगेच परत देतो. लाँच आपटंल नि उसळंल."

दगड जेमतेम हलून जागीच थांबला की त्याचा चेहरा उजळायचा. मग अंगठ्याने कडा दाबून बघायची. दाबली गेली पाहिजे आणि सावकाश परत उठलीही पाहिजे. उन्हाने चिरा पडलेला किंवा खाऱ्या पाण्याने कडक झालेला टायर तो लगेच उतरवून टाकी. प्रत्येकाला खालून भोक पाडी, म्हणजे पाणी साचायला नको.

"दगड मार परत देतो," तो एकदा मला म्हणाला. "लाकूड मार खाऊन फुटतं. रबर तेवढा मार पोटात घेतो नि हाय तसा ऱ्हातो."

"म्हणजे आवडाबाईपुढे तू," मी म्हटलं. तो हसला. तो हसायचा तेव्हाची ही गोष्ट.

लाँचवर खलाशी होता जलील. दोघं एकाच खाडीत पोहायला शिकलेले आणि एकाच झाडाचे आंबे चोरलेले. जलीलने दोर फेकायचा, बाळाजीने झेलायचा. बघणाऱ्याला वाटावं, एकाच माणसाचे दोन हात आहेत. पुढचा दोर बाळाजीने गुंडाळला की मागचा दोर जलील स्वतः ओवायचा. धक्क्याच्या भिंतीत एक लोखंडी कडी होती. तिच्यात दोर घालायला लाँच आणि भिंत यांच्यामधल्या फटीत हात घालावा लागे. ती फट टायरांमुळे राहायची. लाँच कितीही रेटली तरी टायर तिला भिंतीपासून हातभर दूर ठेवीत. जलील तिकडे बघायचासुद्धा नाही, गप्पा मारता मारता हात आत घालायचा.

"खाली बाळाजीचे टायर हायेत," तो म्हणायचा. "बिल्किसच्या सालनावर पन माझा इतका भरोसा न्हाय."

बिल्किस त्याची बायको. ती हे ऐकून मुद्दाम मीठ जास्त घालायची, असं तोच सांगायचा.

सत्तावन्न साली वैशाखात रघूचं लग्न ठरलं. मुलगी आगरदांड्यापलीकडची, नाव काशी. लग्न नवरीच्या दारी, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वरात लाँचने दिघीला यायची. इथे एक गोष्ट सांगायला हवी. आदल्या वर्षी आमच्याच आळीतल्या धर्माजीकडे सून आली, ती धक्क्यावर उतरताना तिचा शालू टायरला घासला आणि त्यावर लांबलचक काळा पट्टा उठला. जुना रबर अंगाला लागला की काळं सोडतोच. पण नव्या नवरीच्या अंगाला काळं लागणं म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पुढे धर्माजीच्या घरात भावाभावांत भांडण लागलं आणि सगळं खापर त्या डागावर फुटलं. भांडण आधीपासून होतं हे सगळ्यांना माहीत होतं. पण डाग दाखवायला सोपा.

आवडाबाईने बजावलं, "माझ्या सुनंला काळं लागता कामा न्हाय, बाळाजी. त्या टायरांवर पांढरं कापाड गुंडाळ. आंब्याचं टाळं लाव. नवरी पाय ठेवंल तिथं बरं दिसाया पायजे."

बाळाजी वरातीच्या पुढे, सकाळच्या लाँचने परत आला. धुतलेली धोतरं घेऊन त्याने टायर झाकले. भरतीचं पाणी चढलं, धोतरं भिजली आणि काळं वर आलं. त्याने वर दुसरं कापड घातलं. तेही काळवंडलं. उन्हं चढत होती, घरी मांडवात पाहुणे ताटकळत होते आणि तो धक्क्यावर एकटा, हातात काळी झालेली धोतरं घेऊन. शेवटी त्याने टायरच उतरवले आणि पालथ्या घातलेल्या एका होडीखाली सारले. त्यांच्या जागी पोत्यांत पेंढा ठासून ती पोती टांगली. वरून कोरडं पांढरं कापड, आंब्याचे टाळे, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट. लांबून बघणाऱ्याला वाटावं, आत टायरच आहेत. सगळ्यांना तसंच वाटलं. मलाही.

हेच काम एखाद्या न कळणाऱ्याने केलं असतं तर मी त्याला बोल लावला नसता. बाळाजीला कळत होतं. पेंढा गादीसारखा मऊ खरा, पण एकदा दबला की दबला. परत उठणं त्याच्या अंगात नाही. हे त्याच्याइतकं साऱ्या तालुक्यात कुणाला ठाऊक नव्हतं. पण मुलाचं लग्न आणि बहिणीचा धाक ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणसाची अक्कल चरायला जाते. "एक खेप तर हाय," तो स्वतःशी म्हणाला. लाँच दिसू लागली तेव्हा त्याच्या मनात आलंही, की जलीलला ओरडून सांगावं, कडीत हात घालू नकोस. पण वाजंत्री वाजत होती, माणसं जमली होती, आणि मग साऱ्यांनी विचारलं असतं, का रे बाबा.

दुपारी वारा सुटला होता, वैशाखात सुटतो तसा. लाँच वाजतगाजत आली आणि पहिल्यांदा टेकली ती इतकी अलगद, की लोकांनी वाहवा केली. पेंढ्याने तो धक्का झेलला आणि पोती चपटी झाली, ती चपटीच राहिली. लाट मागे गेली, लाँच मागे सरली आणि पुढच्या लाटेबरोबर परत आली. तेवढ्यात जलीलने सवयीने हात आत घातला होता. ह्या वेळी फट नव्हती.

नवरी तेव्हा उतरायला एक पाय उचलून उभी होती. जलीलचा आवाज आला, पांढऱ्या कापडावर आणि धक्क्याच्या पायरीवर रक्त सांडलं. काशीचा पाय तसाच अधांतरी राहिला. दिघीच्या जमिनीला तिचा पाय लागायच्या आत तिथे रक्त पडलं होतं. गावाला एवढं पुरे झालं.

जलीलला त्याच लाँचने परत नेऊन मुरुडच्या दवाखान्यात पोचवलं. वरात खालमानेने घरी गेली. धक्का रिकामा झाल्यावर बाळाजीने पोती कापली, पेंढा ओहोटीच्या पाण्यात सोडला, कापडं दगड बांधून बुडवली आणि टायर होते तसे परत टांगले. गाठी नेहमीसारख्या बसल्या. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस आला. त्याने टायर बघितले, पायाने दाबले आणि म्हणाला, "टायर ठीक आहेत. खलाशी गाफील राहिला." जलीलची चार बोटं गेली, अंगठा तेवढा उरला. नोकरी गेली हे सांगायला नको.

तो घरी आला तेव्हा बाळाजी त्याला भेटायला गेला. घरात माणसं होती. "लाट आली. नसीब," जलील सगळ्यांना सांगत होता. माणसं पांगली, बिल्किस पाणी आणायला आत वळली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "पेंढा व्हता ना?"

बाळाजीने मान डोलावली.

"घरात नवी सून आलीय. आता तोंड उघडू नकोस. तुझी पन रोटी जायल, नि ती पोरगी पयल्याच दिशी उपाशी."

पुढे हे मला सांगताना बाळाजी धक्क्याच्या दगडाकडे बघत होता. "ते ऐकून मला बरं वाटलं, दत्तात्रेय. माझ्या दोस्ताचा हात गेलेला, नि मला बरं वाटलं. त्याची लाज अजून जात न्हाय."

आता काशीचं. आवडाबाईने तिला माप ओलांडून घरात घेतलं, पण तोंड फिरवून. पांढऱ्या पायाची, हे नाव तिला हळद उतरायच्या आत मिळालं. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात लोटायच्या तेव्हा साऱ्या बायका किनाऱ्यावर, ही घरात कडी लावून. कुणाची ओटी भरायची असली की हिला बोलावणं नाही. माहेरी जाताना लाँचवर सगळ्यांत शेवटी चढायचं, नाहीतर बायका कुजबुजत, "आधी आपन चढू या गो." गावाला रिकाम्या वेळी कुणीतरी लागतंच, आणि परगावची पोर असली की आणखी बरं. वाईट ह्याचं, की तिने स्वतःही ते खरं मानलं. एकदा मी सकाळी साखर आणायला म्हसळ्याला निघालो होतो. ती समोरून डोक्यावर हंडा घेऊन आली. मला बघताच ती वाटेकडेच्या दगडी गडग्याकडे तोंड करून उभी राहिली.

"अगं, हंडा जड आहे. जा की," मी म्हटलं.

"तुमी फुडं जावा भावजी. तुमचं काम व्हऊ दे."

मी गेलो. काम झालं. तिला वाटलं असणार, आपण तोंड फिरवलं म्हणूनच झालं.

घरी आवडाबाई बोलायची आणि बाळाजी जेवायचा. काशी वाढायला आली की तो ताटावरून वर बघत नसे. घास तोंडात फिरत राहायचा. "मामंजी, भात कच्चा ऱ्हायला का?" ती विचारायची. तो नाही म्हणून मान हलवायचा आणि ताट अर्ध्यावर टाकून उठायचा. मग आवडाबाईला बोलायला आणखी एक विषय मिळायचा, की हिच्या हातचं माणसाच्या अंगी लागत नाही. म्हणजे ह्याच्या मनातली बोचसुद्धा तिच्याच डोक्यावर जाऊन बसायची.

धक्क्यावर टायर मात्र वाढत चालले. हंगाम संपला की तो माणगावला जायचा आणि नवे घेऊन यायचा. भिंतीचा दगड दिसेनासा झाला. "काय रे, आगबोट येणार आहे की काय?" मी चिडवायचो. तो हसायचा नाही. लाँच लागली की वाकून एकेक टायर हाताने चाचपायचा, आणि सुटली की परत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी अगदी समोर बघत होतो, आणि मला कळत नव्हतं.

जलीलने माझ्या दुकानाशेजारी पानविडीची टपरी टाकली. एक हात आणि एक अंगठा एवढ्यावर तो विडा असा बांधायचा की सुटायचा नाही. बाळाजी रोज पान घ्यायचा आणि पान घेताना रोज दुसरीकडे बघायचा. एकदा कुणी नसताना तो म्हणाला, "जलील, सांगून टाकू का?"

"कोनासाठी?" जलीलने विचारलं. "तुला हलकं वाटावं म्हनून? माझी बोटं काय परत येनार न्हायत." मग पानाला चुना लावत तोच म्हणाला, "मी चूप ऱ्हायलो ते त्या पोरीच्या घरात चूल पेटावी म्हनून. नि मार तीच खातेय. हा गुनाह आता आपल्या दोघांचा हाय, बाळाजी. माझं सोड. तिचं बघ."

तरी बाळाजी बोलला नाही. सुरुवातीला नोकरीची भीती होती. पुढे भीती त्या गप्प राहण्याचीच वाटायला लागली. एका दिवसाचं खोटं कबूल करता येतं. वर्षानुवर्षं एका पोरीला डोळ्यांदेखत जळू दिलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? रोज तो ठरवायचा, उद्या. आणि उद्या आवडाबाई बोलायची आणि हा जेवायचा.

चौसष्ट साली रघू गिरणीत शिडीवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. निरोप आला तसा आवडाबाईने पदर खोचला. जी पोर कधी मुंबईला गेली नाही, जिला नवऱ्याने तिथे कधी नेली नाही, तिचा पायगुण मात्र बिनतिकिटाचा मुंबईला पोचला होता. "आता पुरे झालं. माझ्या पोराला खाऊन ऱ्हायल ही. सोडून या हिला माहेरी, कायमची." शेजारचा एकजण मुंबईला जाऊन आला, त्याच्याबरोबर रघूनेही कळवलं, आत्या म्हणते तसं करा. अंथरुणावर पडलेल्या माणसाला कुणीतरी दोषी सापडलं की तेवढंच दुखणं कमी होतं.

त्या सकाळी मी दूध तापवत होतो. आवडाबाई पुढे, मागून काशी, काखेत एक बोचकं. लाँच लागलेली होती. पुढचा दोर बाळाजीच्या हातात. चढायला बरीच माणसं होती. एका बाईने काशीकडे बघितलं आणि ती थबकली. काही बोललीसुद्धा नाही. तिला बोलावं लागलंच नाही. काशी आपण होऊन बाजूला झाली, धक्क्याच्या टोकाला गेली आणि साऱ्यांकडे पाठ करून पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. निघालेल्या माणसांना आपलं तोंड दिसू नये म्हणून. कायमची जाताना सुद्धा ती गावाचं बरं बघत होती.

ती उभी होती त्याच्या बरोबर खाली ती लोखंडी कडी होती.

माणसं चढायला लागली तेवढ्यात बाळाजी म्हणाला, "थांबा." त्याचा आवाज धक्क्यावर मी फार कमी वेळा ऐकला होता. सगळे थांबले.

"कोन चढू नका. आधी ऐका. हिच्या लग्नाच्या दिशी हितं टायर नव्हतं. कापडाखाली पेंढा व्हता. शालूला काळं लागंल म्हनून टायर म्या उतरवलं. पेंढा एकदा दबला, मंग दगडच ऱ्हायला, नि जलीलचा हात गेला. मालकाचा मानूस यायच्या आत म्या टायर परत टांगलं."

"काय बोलतोस तू, बाळाजी," आवडाबाई दबक्या आवाजात म्हणाली. "लोकं ऐकतात."

"त्यांच्यासाठीच बोलतोय. तुझ्यासाठी पन. हिच्या पायात काय नव्हतं. तिचा तर पाय टेकलासुद्धा नव्हता." त्याने दोर हातात आणखी एक वेढा घालून घट्ट धरला. "टायर म्या काढलं, नि त्यांच्या जागी हिला टांगली. समद्या गावाचं धक्के इतकी वर्सं हिनं खाल्लं. मी समोर उभा राहून बघितलं. मला समजत व्हतं, तरी बघितलं."

माझं दूध उतू गेलं. जलील टपरीतून उतरला, पुढे आला आणि त्याने तो अंगठ्याचा हात साऱ्यांना दिसेल असा वर धरला.

"खरं हाय. ह्या हाताला पयल्या दिवसापासून मालूम हाय."

काशी वळली होती. मी तिचा चेहरा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच धड पाहिला. ती रडत नव्हती. ती बाळाजीजवळ आली आणि फक्त त्याला ऐकू जाईल अशा बेताने बोलली, पण धक्क्यावर इतकं सामसूम होतं की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"मामंजी, रोज सकाळी पायावर पानी घेताना मी माझ्या पायांना शिव्या द्यायची. एक दिस चुकला न्हाय."

बाळाजी वाकला. लोकांना वाटलं, दोर सोडायला वाकला. त्याचे हात तिच्या पायांकडे गेले तशी ती झटकन मागे सरली.

"नको. वडील मानसानं पाया पडायचं नसतं. ते पाप पन माझ्याच माथी मारतील."

मग तिने बोचकं उचललं, थांबलेल्या माणसांमधून चालत गेली आणि सगळ्यांच्या आधी लाँचवर चढली. पुढच्या फळीवर जाऊन बसली. मागून एकेक करत बाकीचे चढले, तिला धक्का लागू नये अशा बेताने. "पोरी, घरी चल," बाळाजी म्हणाला. ती समोर आगरदांड्याकडे बघत राहिली. दोर शेवटी त्यालाच सोडावा लागला.

पुढे काय झालं विचाराल, तर फारसं काही झालं नाही. आणि तेच त्याला सोसलं नाही. तो मालकाच्या माणसाकडे गेला, सगळं सांगितलं आणि म्हणाला, मला काढून टाका. तो माणूस म्हणाला, "अरे, जुनं कशाला उकरतोस? दोर झेलणारा दुसरा कुठून आणू?" इतकी वर्षं ज्या शिक्षेला तो भ्याला, ती कुणाला द्यायचीच नव्हती. बाळाजी त्याच्या दारात बसून राहिला तेव्हा कुठे जलीलला तिकिटं फाडायला घेतलं. आवडाबाई काही दिवस गप्प होती. मग म्हणाली, "मला काय ठाऊक?" आणि ते खरंच होतं. गावातल्या बायकांनी काशीसाठी हळहळायला सुरुवात केली. ज्यांनी तिला सगळ्यात मागे उभं केलं होतं, त्याच सगळ्यात पुढे होत्या. आमचं हे असं असतं.

रघू लंगडत आला, बापाशी चार शब्द बोलला नाही आणि पलीकडे सासुरवाडीला गेला. काशीने त्याला बरेच दिवस ताटकळत ठेवलं. मग दोघं तिथूनच मुंबईला गेली. बाळाजीने माणसांकरवी निरोप पाठवले. उत्तर आलं नाही. तो दोर झेलायचा, टायर चाचपायचा आणि उतरणाऱ्या माणसांत बघायचा. मी त्याला एकदा म्हटलं, "सांगितलंस ना? आता तरी मन मोकळं कर." तो म्हणाला, "सांगून माझं ओझं कमी झालं. तिचं न्हाय." ह्यावर मी चहा पुढे केला, दुसरं काय करणार.

काही वर्षांनी एका शिमग्याला ती आली. कडेवर मुलगी. लाँचच्या पुढच्या बाजूला उभी होती आणि बाळाजीला ती लांबूनच दिसली असणार, कारण जन्मात पहिल्यांदा दोर त्याच्या हातून निसटून पाण्यात पडला. दुसऱ्यांदा त्याने झेलला. लाँच टेकली, मागे सरली, परत टेकली. माणसं उतरायला लागली. काशी उतरली नाही. तिने मुलीला घट्ट धरलं, कठड्यावरून वाकली आणि खाली भिंतीकडे बघायला लागली. पहिला टायर, दुसरा, तिसरा. मागची माणसं थांबली. कुणी घाई केली नाही.

बाळाजी खुंटाजवळ उभा होता, पोक आणखी वाढलेला.

"बघ बाय," तो म्हणाला. "नीट बघून घे."

तिने शेवटच्या टायरापर्यंत बघितलं. मग मुलीला जलीलच्या हातात दिलं आणि उतरली.

"बरं हाय ना, मामंजी?" तिने विचारलं. तो मान हलवून दोर गुंडाळत राहिला.

आता ती वर्षातून एकदा येते. आली की दर खेपेला उतरायच्या आधी तशीच वाकून बघते, एकही टायर न चुकवता. बाळाजी त्या दिवशी पहाटेपासून धक्क्यावर असतो, सगळे टायर दाबून बघतो, एखादा कडक वाटला तर उतरवून दुसरा लावतो. आणि ती बघत असते तेवढा वेळ तो डोळे खाली घालून उभा असतो. तिने बघू नये असं त्याला कधी वाटलं नाही, असं तो मला म्हणाला.